हॅल्युसिनेशन, डिलिरियम, फँटम : भासाच्या इंग्रजी शब्दांची मुळं कुठवर जातात?

नीरजा_वाचते

एका तंत्रज्ञानविषयक लेखाचं भाषांतर हातात आहे आणि पंधरा दिवस मी एकाच शब्दापाशी अडून बसले आहे. शब्द आहे ‘हॅल्युसिनेशन’. एआयला काही विचारलं की ते कधी कधी कुणीच न लिहिलेल्या पुस्तकाचं नाव सांगतं, न झालेल्या खटल्याचा निकाल सांगतं, आणि तेही छातीठोकपणे. त्या प्रकाराला हे नाव पडलं आहे. २०२३ साली केंब्रिज शब्दकोशाने ‘हॅल्युसिनेट’ला वर्षाचा शब्द ठरवलं ते या नव्या अर्थामुळेच.

पहिल्या खर्ड्यात मी ‘भास’ लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा खटकलं. भास व्हायला काहीतरी दिसावं लागतं, ऐकू यावं लागतं. इथे नुसतं सांगणंच आहे. म्हणून मुळात हा शब्द आला कुठून ते बघायला बसले आणि भाषांतर बाजूलाच राहिलं.

लॅटिनमध्ये ‘आलुकिनारी’ असं क्रियापद आहे. मन भरकटणं, असंबद्ध बोलणं, बोलता बोलता वाहवत जाणं असा त्याचा अर्थ. पुढचा ‘ह’ मागाहून चिकटला. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो आपल्या भावाला, क्विंटसला, एका पत्रात म्हणतो की आपल्या पत्रांनी अधूनमधून असं वाहवत जायलाही हवं. तिथे आजार नाही, भूत नाही, दोन भावांच्या मोकळ्या गप्पा आहेत. मला हे वाचून फार बरं वाटलं. पुढे दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या लेखकाने या शब्दाचा ग्रीक ‘आल्युएइन’शी जोडलेला संबंध नोंदवून ठेवला आहे. त्याचा अर्थ सैरभैर होणं, जीव थाऱ्यावर नसणं.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात रुळू लागला. थॉमस ब्राउन या वैद्याने १६४६ मध्ये डोळ्यांच्या दोन अवस्था सांगितल्या : दृष्टी गेली तर अंधत्व, आणि दृष्टी बिघडून वस्तू भलत्याच दिसू लागल्या तर हॅल्युसिनेशन. म्हणजे तोवर शब्द जिभेवरून डोळ्यांत शिरला होता. मग १८१७ मध्ये फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल याने आजचा अर्थ पक्का केला : बाहेर काहीही नसताना माणसाला ते आत्ता, इथे जाणवतंय अशी खात्री असणं. डोळे, कान, नाक, त्वचा, सगळी इंद्रियं त्यात आली.

आता एआयमुळे तो पुन्हा बोलण्याकडे आला आहे, दोन हजार वर्षांचा फेरा मारून. म्हणून माझ्या मनात ‘बरळणं’ घोळतं आहे. तापात माणूस बरळतो तसं. तुम्हाला काय वाटतं? आणि या कुळातले इतर शब्द कुणाला ठाऊक असतील तर जरूर लिहा.

अनुस्वार

नीरजाताई, छान विषय. एस्किरोलचं नाव काढलंत तर त्याने घातलेला दुसरा बांधही सांगायला हवा. इल्युजन आणि हॅल्युसिनेशन हे त्याच्या आधी सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात. त्याने सांगितलं की समोर वस्तू आहे पण ती दुसरीच वाटते, ते इल्युजन. समोर काहीच नाही तरी जाणवतं, ते हॅल्युसिनेशन. आपल्याकडच्या वेदान्त्यांचा लाडका दाखला घ्या, अंधारात दोरी साप वाटते. तिथे दोरी आहे, म्हणून ते इल्युजन. दोरीही नसताना साप दिसला तर ते दुसरं.

इल्युजन आणि डिल्युजन या दोन्हींच्या पोटात लॅटिन ‘लुडेरे’ आहे, म्हणजे खेळणं. इल्युजन म्हणजे कुणावर तरी खेळ करणं, थट्टा करणं. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत त्याला चेष्टा, फसवणूक असाच वास होता. डिल्युजन म्हणजे खोटा खेळ खेळणं. मराठीत आपण म्हणतोच की, ‘तो तुला खेळवतोय.’ अगदी तेच. एल्यूड, कोल्यूड, प्रील्यूड, ल्यूडिक्रस ही सगळी याच खेळगड्यांची भावंडं. आणि आपल्या तत्त्वज्ञानात माया नि लीला शेजारी शेजारी बसतात, तेव्हा दिसणारं जग हा कुणाचा तरी खेळ आहे ही कल्पना लॅटिनवाल्यांचीच मक्तेदारी नव्हती.

आजच्या वैद्यकात डिल्युजनचा संबंध इंद्रियांशी उरलेला नाही. ती एक अढळ खोटी समजूत असते, जसं की शेजारी माझे विचार चोरतो आहे. पुरावा दाखवला तरी ती हलत नाही.

मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत इल्युजनला भ्रम, हॅल्युसिनेशनला निर्वस्तुभ्रम आणि डिल्युजनला संभ्रम असे शब्द भेटतात. निर्वस्तुभ्रम मला मनापासून आवडतो, कारण एस्किरोलची सगळी व्याख्या त्या एका शब्दात मावली आहे. संभ्रमाचं मात्र वाईट वाटतं. रोजच्या बोलण्यात संभ्रम म्हणजे काय करावं ते न कळणं, आणि डिल्युजन झालेल्या माणसाला तर कसलाच संभ्रम नसतो, त्याची खात्री असते! ज्याने हा पारिभाषिक शब्द निवडला त्याने रोजची भाषा ऐकायला हवी होती.

रानवाट

डिलिरियम! तो राहिलाच की. मला या सगळ्यांत तो सर्वांत प्रिय आहे.

लॅटिनमध्ये ‘लीरा’ म्हणजे नांगराचं तास. ‘डे’ म्हणजे पासून, बाहेर. डेलिरारे म्हणजे नांगर तासातून सरकणं. सरळ तास धरून चाललेला बैल मध्येच फाटा फोडतो आणि फाळ भलत्याच मातीत शिरतो, ते. तोच शब्द डोकं चळण्याला लावला. आपलं ‘चळणं’ही जागेवरून हलणंच आहे. नांगरामागून चाललेल्या माणसानेच हा शब्द घडवला असणार, बंद खोलीत बसून तो सुचत नाही.

याच्याही मागे गेलं की आणखी गंमत आहे. ज्या मूळ धातूतून लीरा आला, मागोवा, चाकोरी अशा अर्थाचा, त्याच धातूतून इंग्रजी ‘लर्न’ आणि ‘लोर’ आले. म्हणजे तास धरून चालणं हे शिकणं, आणि तास सुटणं हे डिलिरियम. दोघे सख्खे चुलत.

इटलीच्या जुन्या लिरा नाण्याचा याच्याशी संबंध नाही, ते ‘लिब्रा’ म्हणजे तराजू-वजनाकडून आलं. डिलिरियम आणि डिल्युजनही एकमेकांचे कुणी नाहीत. सुरुवातीचा ‘डे’ तेवढा सारखा.

नीरजा_वाचते

रानवाट, ‘तास’ वाचून मी खुर्चीवरून उठलेच. डिलिरियमला मराठीत ‘वात होणं’ एवढंच मला आठवत होतं. आता ‘तास सुटलं’ हे डोक्यातून जायचं नाही.

पारिजात

मी भाषेतली जाणकार नाही, पण या शब्दांशी घरात गाठ पडली म्हणून लिहिते.

माझ्या आजीची दृष्टी शेवटच्या काही वर्षांत खूप मंदावली होती. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, ‘ती दोन मुलं कुणाची गं, केव्हाची उभी आहेत.’ खोलीत कुणी नव्हतं. मग कधी जाळीदार नक्षी दिसायची, कधी टोप्या घातलेली माणसं. ती घाबरत नव्हती, आम्ही घाबरलो. घरात कुजबुज सुरू झाली की आजीला वेड लागलं. आजीने ते ऐकलं आणि सांगायचंच बंद केलं. तिच्या त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे एका नेत्रतज्ज्ञांनी समजावलं की याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. नजर अधू झाली की डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी माहिती आटते आणि मेंदूचा दृश्याचा भाग आपलीच चित्रं उभी करतो. बुद्धी शाबूत असते, समोर दिसतंय ते खरं नाही हेही बहुतेकांना कळतं. जिनिव्हाच्या बॉने या निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं. मोतीबिंदूने जवळजवळ आंधळ्या झालेल्या त्या आजोबांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. मला वाटलं, अडीचशे वर्षांपूर्वी एका नातवाने आजोबांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आणि आम्ही मात्र आजीला गप्प केलं.

म्हणून सांगावंसं वाटतं, नीरजाताई, शब्द जपून वापरा. ‘भ्रमिष्ट’ नि ‘बरळणं’ हे शब्द घरातल्या माणसाला फार लागतात.

मूळधातू

पारिजात, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. निरोगी माणसांनाही असे अनुभव येतात याची मोजदाद फार पूर्वी झाली आहे. इंग्लंडमध्ये हेन्री सिज्विक यांच्या समितीने १७,००० लोकांना विचारलं होतं की पूर्ण जागे असताना, बाहेर कारण नसताना कधी काही दिसलं, ऐकू आलं, स्पर्श झाला का. १८९४ च्या अहवालात साधारण दहातल्या एकाचं उत्तर ‘हो’ होतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. लांबेल, पण सगळं लिहितो.

नीरजाताईंनी ‘भास’ खोडला, पण तो शब्द इंग्रजीतल्या कुणाचा नातलग आहे ते पाहा. संस्कृत ‘भा’ म्हणजे चमकणं, प्रकाशणं. त्यातून भास, आभास, प्रभा, भास्कर. ग्रीकमध्ये हाच मूळ धातू ‘फाइनेइन’ झाला, म्हणजे उजेडात आणणं, दाखवणं. आपला ‘भ’ तो त्यांचा ‘फ’. त्यातून फँटम, फँटसी, फेनॉमेनन, एपिफनी. आणि उजेडाला ‘फोस’, ज्यातून फोटो. इंग्रजी ‘फॅन्सी’ ही तर फँटसीचीच आखूड झालेली बहीण. तेव्हा ‘मला भास झाला’ आणि ‘मी फँटम पाहिला’ ही दोन वाक्यं पाच-सहा हजार वर्षांपूर्वी एकाच चुलीभोवती बसलेली होती. दोन्हींत मूळ कल्पना अशी की काहीतरी उजळून समोर येतं. खरं की खोटं हा प्रश्न धातूला पडलेलाच नाही. सूर्यही भासतो आणि भूतही भासतं.

अपघातात पाय गेल्यावरही तो जागेवर असल्यासारखा दुखतो, त्याला अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेलने १८७१ मध्ये ‘फँटम’ अवयव म्हटलं. यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर त्याने उपचार केले होते. मराठीत ‘भासमान अवयव’ म्हटलं तर धातूसकट भाषांतर होतं. असं भाग्य क्वचित लाभतं.

स्पेक्टर म्हणजे भूत. लॅटिन ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं, आणि ते संस्कृत ‘पश्यति’चं भावंड. हेर या अर्थाचा जुना संस्कृत शब्द ‘स्पश’ही तिथलाच. न्यूटनने लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्याला नाव दिलं तेव्हा त्याने हाच शब्द उचलला, स्पेक्ट्रम. भिंतीवर हात लावावा तर काही नाही आणि दिसतं मात्र लख्ख, म्हणून भुताचा शब्द रंगांना शोभला असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मिराज हा इंग्रजीत फ्रेंचमधून आला. नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने वाळवंटातल्या खोट्या पाण्याचं स्पष्टीकरण दिलं. तापलेल्या जमिनीलगतच्या विरळ हवेत प्रकाशकिरण वाकतात आणि आकाशाचा तुकडा खाली पाण्यासारखा दिसतो. शब्द मात्र ‘आरशात पाहणं’ या फ्रेंच क्रियापदावरून आला आणि मागे जाऊन लॅटिन ‘मिरारी’ला, नवल वाटण्याला, मिळाला. मिरॅकल, मिरर, ॲडमायर सगळे तिथले. त्याच्याही मागे जो धातू मानतात त्याचं संस्कृत रूप म्हणजे ‘स्मि’ : स्मित, विस्मय. फ्रेंचांना त्यात आरसा दिसला, आपल्या पूर्वजांनी फसलेल्या हरणाची तहान पाहिली आणि मृगजळ म्हटलं. मला आपला शब्द जास्त करुण वाटतो.

शेवटी ‘ड्रीम’. जुन्या इंग्रजीत या रूपाचा अर्थ होता आनंद, गाणं-बजावणं, कल्ला! झोपेतल्या स्वप्नाला त्या काळी शब्द होता ‘स्वेव्हन’. पुन्हा म्हणून बघा : स्वेव्हन, स्वप्न. एकच धातू. ग्रीकांचा ‘हिप्नोस’ही तोच, ‘स’चा ‘ह’ झालेला. इंग्रज कवी चॉसरच्या काळापर्यंत, म्हणजे चौदाव्या शतकापर्यंत, स्वेव्हन जिवंत होता. मग तो गेला आणि ‘ड्रीम’ त्याच्या गादीवर बसला. इंग्रजीकडे आपल्या स्वप्नाचा सख्खा भाऊ होता आणि तो तिने हरवला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

चंद्रकोर

नाइटमेअरमधली मेअर म्हणजे घोडीच ना? मी शाळेपासून रात्री उधळलेली घोडी असंच चित्र डोळ्यांपुढे आणत आले.

मूळधातू

नाही, घोडी वेगळी. ही ‘मारे’ म्हणजे झोपलेल्याच्या छातीवर येऊन बसणारी बाधा. दुःस्वप्नाला फ्रेंचमध्ये ‘कोशमार’ म्हणतात, त्याच्या शेवटीही तीच बसली आहे. उच्चार सारखा झाला म्हणून लोकांनी घोडी जोडली. हेन्री फ्युसेलीच्या १७८१ च्या प्रसिद्ध चित्रात झोपलेल्या बाईच्या उरावर पिशाच्च आहे आणि पडद्यातून घोड्याचं डोकंही डोकावतं आहे, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

जागं होताना शरीर हलत नाही, उरावर ओझं वाटतं, खोलीत कुणी आहे असं जाणवतं, त्याला आज झोपेतला पक्षाघात म्हणतात. लॅटिनमध्ये त्या बाधेला ‘इन्क्युबस’ नाव होतं, वर निजणारा. अंडी उबवणाऱ्या इन्क्युबेटरचं मूळही हेच.

अनुस्वार

झोपेच्या उंबरठ्यावरचे भास म्हणजे हिप्नॅगॉजिक. हा शब्द आल्फ्रेद मोरी या फ्रेंच अभ्यासकाने १८४८ मध्ये घडवला, ‘झोपेकडे नेणारा’ अशा अर्थाने. जागं होतानाच्या भासांना फ्रेडरिक मायर्सने हिप्नोपॉम्पिक म्हटलं. त्यातला ‘पॉम्पे’ म्हणजे पाठवणी. झोपेला निरोप देतानाचे भास. किती हळुवार शब्द आहे.

काजवा

दोन शब्द माझ्याकडून, जे आज भासाच्या घरात राहत नाहीत पण जन्मले तिथेच.

पहिला ‘प्रेस्टीज’. लॅटिनमध्ये ‘प्रेस्टिगिए’ म्हणजे जादूगाराच्या हातचलाख्या, आणि त्यामागचं क्रियापद म्हणजे डोळे बांधणं, डोळे दिपवणं. आपल्याकडे जादूगार करतो ती काय? नजरबंदी! शब्दाला शब्द. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत प्रेस्टीज म्हणजे फसवणूकच होती. प्रतिष्ठा हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला, फ्रेंच वळणाचा.

दुसरा ‘ग्लॅमर’. हा मुळात ‘ग्रामर’ आहे, व्याकरण! मध्ययुगात लिहिता-वाचता येणाऱ्याला मंत्रतंत्रही येत असणार असा लोकांचा समज, म्हणून विद्या आणि जादू एकाच शब्दात नांदली. स्कॉटलंडमध्ये ‘र’चा ‘ल’ झाला आणि ग्लॅमर म्हणजे डोळ्यांवर टाकलेली भूल असा अर्थ झाला. वॉल्टर स्कॉटने तो इंग्रजीभर नेला. व्याकरण शिकवणाऱ्या माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती दिवसभर खुशीत होती.

आणि ‘एन्थुझियाझम’ : आत देव शिरणं. ‘गिडी’सुद्धा त्याच जातीचा, देवाने धरलेला. मराठीत ‘झपाटणं’ बघा. भूत झपाटतं आणि माणूस कामालाही झपाटून लागतो.

अनुस्वार

काजवा, झपाटणं मस्तच. यावरून सायकेडेलिक आठवला, एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या पदार्थांना लावतात तो शब्द. हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५६ मध्ये लेखक अल्डस हक्सलीला लिहिलेल्या पत्रात तो सुचवला. ‘सायकी’ म्हणजे मन, ‘डेलॉस’ म्हणजे उघड, स्पष्ट. या पदार्थांना तोवर वेडाची नक्कल करणारे म्हणत, ते ऑस्मंडला खटकत होतं. हक्सलीने स्वतः ‘फॅनेरोथाइम’ सुचवला होता. दोघांनी आपापल्या शब्दाची शिफारस चक्क दोन ओळींच्या पद्यातून केली.

मूळधातू

अरे वा! फॅनेरोथाइममधला ‘फॅनेरोस’ पुन्हा ‘भा’चाच, आणि ‘थायमॉस’ हा संस्कृत ‘धूम’चा नातलग. धुरासारखा आत उसळणारा प्राण. ऑस्मंडचा शब्द टिकला, पण हक्सलीचा आपल्या जास्त घरचा होता.

जाता जाता ‘अपोफेनिया’. १९५८ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कोनराडने घडवला. असंबद्ध गोष्टींत गूढ संबंध दिसू लागणं असा अर्थ. त्यातही ‘भा’. ढगात चेहरा दिसतो ते ‘पॅरिडोलिया’. त्यातल्या ‘एइडोलोन’चा, म्हणजे प्रतिमेचा, धातू आपल्या ‘विद्’चा. वेद, व्हिडिओ, विट, सगळे एका माळेचे.

सहज_सुचलं

मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या संगणकशास्त्रात काम करतो आणि मला ‘बरळणं’ पटत नाही.

एक तर बरळण्यात असंबद्धता असते. वाक्य तुटतं, विषय सुटतो. एआयचं वाक्य तुटत नाही. उलट ते इतकं नीटनेटकं असतं की म्हणूनच माणूस फसतो. रानवाट यांच्या भाषेत सांगायचं तर तास अगदी सरळ आहे, फक्त ते भलत्याच शेतात पडलं आहे.

दुसरं, आमच्या क्षेत्रात हा शब्द चुकीसाठी आलाच नव्हता. २००० साली सायमन बेकर आणि ताकेओ कानाडे यांनी अगदी अंधूक, मोजक्या ठिपक्यांच्या चित्रातून चेहरा स्पष्ट करण्याची पद्धत मांडली, आणि निबंधाच्या नावातच चेहरे ‘हॅल्युसिनेट’ करणं असं म्हटलं. चित्रात जे तपशील नाहीत ते, इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने, भरायचे. तो गुण होता, दोष नव्हे. भाषेची मॉडेलही आतून तेच करतात : आधीच्या शब्दांवरून पुढचा संभवनीय शब्द भरत जातात. भरलेलं खरं निघालं की आपण उत्तर म्हणतो, खोटं निघालं की हॅल्युसिनेशन. यंत्राच्या बाजूने क्रिया एकच.

म्हणून काही जण ‘कॉन्फॅब्युलेशन’ हा शब्द सुचवतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला कालचं आठवत नाही, तेव्हा ती पोकळी तो कहाणीने भरतो. खोटं बोलायचा हेतू नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. लॅटिन ‘फाबुला’ म्हणजे गोष्ट, आणि कॉन्फॅब्युलेट म्हणजे मुळात बसून गप्पागोष्टी करणं.

रानवाट

गप्पागोष्टी! म्हणजे सिसेरोच्या पत्रासारखंच.

सहज_सुचलं, शेवटचा परिच्छेद वाचून माझ्या तोंडी आपोआप आलं : ‘पदरचं घालून सांगणं’. एखादा निरोप सांगताना माणूस मधलं विसरला की काय करतो? पदरचं घालतो. खोटेपणाचा आरोप त्यात नाही, पण जे सांगितलं ते मूळचं नव्हतं हे कळतं.

पारिजात

पदरचं! हो. ‘थापा मारणं’मध्ये लबाडी येते, ‘बरळणं’मध्ये आजार येतो. यात दोन्ही नाही.

अनुस्वार

क्रियापद म्हणून उत्तम. पण नीरजाताईंना नाम लागेल, आणि तेही दर दुसऱ्या परिच्छेदात. ‘पदरची भर’ चालेल? ‘या उत्तरात तीन ठिकाणी पदरची भर आहे.’ उच्चारून पाहिलं, अडखळत नाही.

मूळधातू

चालेल. एकच सांगतो. धातू शोधणं मला कितीही प्रिय असलं तरी शब्दाचा आजचा अर्थ धातूला विचारून ठरवू नये, नाहीतर प्रेस्टीज मिळालेल्या प्रत्येकाला आपण गारुडी म्हणू. नीरजाताईंचा लॅटिनचा शोध मोलाचा आहे, पण त्यातून ‘बरळणं’ निघालं ते ‘असंबद्ध बोलणं’ या एका अर्थावरून. ‘बोलता बोलता वाहवत जाणं’ हा दुसरा अर्थ धरला तर पदरची भर तिथेच पोचते.

नीरजा_वाचते

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आणि आज सकाळी पुन्हा कामाला बसले.

‘बरळणं’ मागे घेते. पारिजात, तुमच्या आजीची गोष्ट वाचल्यावर ते लिहायला हात धजावलाच नसता. माणसांबद्दल जिथे हा शब्द येतो तिथे मी ‘भास’ ठेवला आहे, आणि आता त्याच्यामागे उजेड आहे हे ठाऊक असल्याने जास्त आनंदाने ठेवला आहे. लेखात एका ठिकाणी वैद्यकीय व्याख्या आहे, तिथे निर्वस्तुभ्रम. यंत्राबद्दल पहिल्यांदा ‘हॅल्युसिनेशन, म्हणजे पदरची भर’ असं लिहून पुढे सगळीकडे पदरची भर.

लेखातलं पहिलं वाक्य आता असं झालं आहे : ‘एआयला उत्तर ठाऊक नसलं तरी ते थांबत नाही; पदरचं घालून सांगतं.’ संपादकांना पाठवलं आहे.

एक शब्द मात्र शिल्लक आहे. लेखाच्या शेवटी लेखक स्वतःच्या तंद्रीबद्दल लिहितो आणि तिथे ‘रेव्हरी’ वापरतो. ‘रेव्ह’ म्हणजे बडबडणं, ते आणि हे एकच का? ‘तंद्री’ लिहून ठेवलं आहे, पण मन भरलेलं नाही.

मूळधातू

एकाच घरचे आहेत. दोन्ही जुन्या फ्रेंचमधून आले, भटकणं, भ्रमात बडबडणं अशा अर्थाच्या क्रियापदातून. आजचं फ्रेंच ‘रेव्ह’ म्हणजे स्वप्न, तेही तिथलंच. इथेही आधी पाय भटकले, मग मन. आपल्या ‘भ्रम’चं तसंच आहे, मुळात फिरणं, भ्रमण, भोवरा आणि भोवळ त्याच वळणाचे. ‘तंद्री’ राहू द्या, पण वाक्यात ‘तंद्रीत भटकत होतो’ असं बसतं का बघा.

नीरजा_वाचते

बसलं.